पहिली-दुसरीच्या लेकरांना वर्गीकरण आणि साधे आलेख कसे शिकवावेत?

गोदाकाठ

नमस्कार. परभणी जिल्ह्यातील एका लहान गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत मी पहिली आणि दुसरी हे दोन्ही वर्ग एकत्र शिकवते. पटावर २३ मुले आहेत. दिवाळीच्या सुट्टीनंतर दुसरे सत्र सुरू झाले असून वस्तूंचे वर्गीकरण आणि त्यावरून साधा आलेख हा भाग या सत्रात मनापासून करायचा असे मी ठरवले आहे. गेल्या वर्षी तो माझ्या हातून नीट झाला नाही. काय चुकले ते आधी लिहिते, म्हणजे येथील अनुभवी मंडळींना सल्ला देणे सोपे जाईल.

गेल्या वर्षी मी मोठ्या कार्डशीटवर चार फळांची चित्रे चिकटवली, प्रत्येक फळावर चौकोनांचा स्तंभ आखला आणि 'कोणाला कोणते फळ आवडते' असे विचारून हात वर करायला लावले. हात मी मोजले, चौकोन मी रंगवले, शीर्षकही मीच लिहिले. कागद देखणा झाला, भिंतीवर लागला आणि शाळेत आलेल्या पाहुण्यांनी त्याचे कौतुकही केले. मार्च महिन्यात एका मुलाला मी सहज विचारले, "यावरून तुला काय कळते?" तो बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "पिवळा रंग वर गेलाय." त्याचे चुकले नव्हते, पिवळा रंग खरोखरच वर गेला होता. परंतु त्या पिवळ्या चौकोनांपैकी एक चौकोन म्हणजे तो स्वतः आहे, हे त्याला ठाऊक नव्हते. मग मी प्रत्येकाला आपापला चौकोन दाखवायला सांगितले, तेव्हा एकालाही तो दाखवता आला नाही.

म्हणून यंदा कागदाला हातच लावला नाही. पहिल्या दिवशी वर्गाच्या दारात काढलेल्या चपला वऱ्हांड्यात आणून मधोमध ढीग केला आणि "यांचे गट करा" एवढेच सांगितले. माझ्या मनात रंग, मोठ्या-लहान, बंदाच्या आणि बिनबंदाच्या असे निकष होते. दुसरीतल्या एका मुलीने मात्र प्रत्येक चप्पल उलटी करून पाहिली, अंगठ्याजवळचा पट्टा ओढून पाहिला आणि दोन ढीग केले. मी विचारल्यावर तिने एका ढिगाकडे बोट दाखवून सांगितले, "बाई, ह्या शिवायच्या हायेत, आन् ह्या चांगल्या." इतका नेमका निकष मला सुचला नसता. तिच्या ढिगातील प्रत्येक चप्पल तिने लावलेल्या कसोटीला उतरत होती, आणि एका चपलेच्या बाबतीत शंका आल्यावर तिने ती चप्पल पुन्हा ओढून पाहून जागा बदलली.

दुसऱ्या दिवशी चार-चार मुलांच्या गटाला एकेक वाटी दिली. वाटीत ३० दाणे होते : ९ हरभरे, १२ मूग, ६ तुरी आणि ३ सोयाबीन. दाणे वेगळे करणे दोन मिनिटांत झाले, कारण घरी आजीजवळ बसून धान्य निवडलेली ही मुले आहेत. नंतर प्रत्येक धान्याची एकेक ओळ लावायला सांगितली आणि कोणते दाणे जास्त आहेत ते विचारले. पाचही गटांनी हरभरे सांगितले. "बघा की बाई, हरभरा किती लांब गेलाय!" दाणा मोठा असल्यामुळे नऊ हरभऱ्यांची ओळ बारा मुगांच्या ओळीपेक्षा लांब झाली होती. मोजून घेतल्यावर नऊ आणि बारा हे आकडे त्यांनी बरोबर सांगितले, तरीही पहिलीतल्या दोघांचे म्हणणे "पण हरभरेच जास्त दिसतात" असेच राहिले.

मग गावातल्या दुकानातून अंड्यांचे रिकामे ट्रे आणले. ट्रेमध्ये एका बाजूने पाच आणि दुसऱ्या बाजूने सहा असे ३० खळगे असतात. दोन ट्रे लांबीकडून जोडले की बारा-बारा खळग्यांच्या पाच ओळी मिळतात. एका खळग्यात एकच दाणा आणि सर्वांनी एकाच कडेपासून सुरुवात करायची, असे दोन नियम सांगितले. मुगाची ओळ शेवटच्या खळग्यापर्यंत गेली आणि हरभरा तीन खळगे आधी थांबला. त्या दोघांपैकी एकाने रिकामे राहिलेले तीन खळगे बोटाने मोजले आणि काही न बोलता मान हलवली.

आता माझे प्रश्न असे आहेत. निकष मुलांनाच शोधू द्यावा की काही दिवस आपण सांगावा? खऱ्या वस्तूंवरून कागदावर केव्हा आणि कोणत्या पायऱ्यांनी यावे? आणि पाच वर्षांच्या मुलाकडून या बाबतीत नेमकी किती अपेक्षा ठेवावी?

तेरणातीर

ताई, चपलांचा प्रसंग वाचून फार बरे वाटले. मी धाराशिव जिल्ह्यात अंगणवाडी सेविका आहे. माझ्याकडची मुले तीन ते सहा वर्षांची, म्हणजे तुमच्याकडे येण्याच्या आधीची. त्यामुळे तुमच्या शेवटच्या प्रश्नाबद्दल थोडे लिहिते.

तीन वर्षांच्या मुलासमोर बाटल्यांची झाकणे, बिया आणि खडे ठेवले आणि 'सारखे सारखे एकत्र ठेव' असे सांगितले, तर ते सुरुवात बरोबर करते. लाल झाकणाशेजारी लाल झाकण ठेवते, नंतर ते झाकण गोल म्हणून त्याला गोल खडा जोडते आणि शेवटी त्या सगळ्याचे घर होते किंवा रेल्वे होते. नवी असताना मी ते मोडून पुन्हा 'नीट' लावून घेत असे. आता तसे करत नाही. मुलाला घर पूर्ण करू देते आणि मग विचारते, "या घरात लाल लाल काय आहे, ते मला काढून दे." हे त्याला जमते, कारण निकष एकच आहे आणि तो मी धरून ठेवला आहे.

दुसरी गोष्ट आपल्या स्वयंपाकघरातली आहे. आपल्याकडे धान्य साफ करण्याच्या तीन क्रिया वेगवेगळ्या शब्दांनी ओळखल्या जातात आणि प्रत्येकीचा निकष निराळा आहे. पाखडताना हलके आणि जड वेगळे होते, चाळताना बारीक आणि मोठे वेगळे होते, आणि निवडताना डोळ्यांना जे दिसते त्यावरून खडा किंवा फुटका दाणा वेगळा काढला जातो. मी मुलांना छोटे सूप, चाळणी आणि ताट अशा तिन्ही वस्तू देते. मूठभर ज्वारीत थोडे कोंड्याचे पापुद्रे, थोडी बारीक रेती आणि काही खडे मिसळते. रेती चाळणीतून खाली जाते, पण ज्वारीएवढा खडा चाळणीत ज्वारीबरोबरच राहतो, हे मूल पाहते आणि मग त्यालाच कळते की आता ताटात घेऊन निवडावे लागेल. चाळणी चुकीची होती असे नव्हे, तिने विचारलेला प्रश्न वेगळा होता, असे मी त्यांना सांगते आणि साडेचार-पाच वर्षांच्या मुलांना ते पटते.

ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि शिंपले, खडे, पाने, बिया अशा गावात मिळणाऱ्या वस्तूंचीच साधने केली. हे आम्हाला प्रशिक्षणात सांगितले जाते, परंतु प्रत्यक्षात हातात प्लॅस्टिकचे ठोकळे येतात. ठोकळे वाईट नाहीत, मुले त्यांच्याशी खूप खेळतात. मात्र ठोकळ्यांचा निकष कारखान्यातच ठरलेला असतो आणि चपलेचा निकष मुलाला शोधावा लागतो. एवढ्या एका कारणासाठी मी चपलेच्या बाजूने आहे.

मांजरा

गोदाकाठ बाई आणि तेरणातीर ताई, दोघींचेही लेखन दोनदा वाचले. माझी सेवा लातूर जिल्ह्यात झाली आणि शेवटची काही वर्षे केंद्रप्रमुख म्हणून मी अनेक वर्ग पाहिले. ताईंनी जे 'घर होते, रेल्वे होते' असे लिहिले आहे, ते मुलांच्या विचारांचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे आणि बार्बेल इनहेल्डर यांनी १९५९ साली सविस्तर मांडले होते. लहान मूल वस्तूंचा गट न करता त्यांची आकृती रचते, ही त्यांनी सांगितलेली पहिली अवस्था आहे. नंतर गट होऊ लागतात; आणि गटाच्या पोटात गट असतो, म्हणजे हरभरा हरभराही आहे आणि कडधान्यही आहे, ही समज त्याच्याही नंतर येते. ओळ लांब म्हणून दाणे जास्त हा बाईंच्या वर्गातील प्रकारही त्यांच्या कामात प्रसिद्ध आहे.

मात्र येथे एक सावधगिरी सांगावीशी वाटते. 'हरभरे जास्त की कडधान्ये जास्त?' असे विचारले की सहा वर्षांचे मूल बहुधा 'हरभरे' म्हणते आणि आपण त्याला समज नाही असे ठरवून मोकळे होतो. बालमानसशास्त्रज्ञ मार्गारेट डोनाल्डसन यांनी १९७८ साली जेम्स मॅकगॅरिगल यांच्या एका प्रयोगाची हकीकत लिहिली आहे. खेळण्यातल्या चार गाई, तीन काळ्या आणि एक पांढरी, आडव्या करून ठेवल्या आणि त्या झोपल्या आहेत असे मुलांना सांगितले. 'काळ्या गाई जास्त की गाई जास्त?' या प्रश्नाला २५ टक्के मुलांनी बरोबर उत्तर दिले. 'काळ्या गाई जास्त की झोपलेल्या गाई जास्त?' असे विचारल्यावर ते प्रमाण ४८ टक्के झाले. गाई त्याच होत्या, मुलेही सहा वर्षांच्या आसपासचीच होती. संपूर्ण गटाला ओळखता येईल असा एक शब्द मिळाल्याबरोबर निम्म्या मुलांना तो गट दिसू लागला.

पोळ्याच्या मातीच्या बैलांवर मी हे अनेक वर्गांत करून पाहिले. 'सगळे मिळून बैल' असे म्हटले आणि म्हणताना हात सगळ्या बैलांवरून फिरवला, तर मुले लवकर सावरतात. तेव्हा बाईंना पहिला सल्ला असा की उत्तर चुकले तर मुलाला तपासण्याआधी आपला प्रश्न तपासावा.

निकष कोणी ठरवावा, याबद्दल माझे मत असे आहे की दोन्ही प्रकार करावेत, पण वेगवेगळ्या दिवशी. एक दिवस निकष तुमचा आणि वस्तू मुलांनी लावायच्या. दुसऱ्या दिवशी निकष एका मुलाचा, आणि तो त्याने मनात ठेवायचा. त्याने दोन गट करायचे व बाकीच्यांनी निकष ओळखायचा. ओळखण्याच्या खेळात सगळा वर्ग विचार करतो, कारण उत्तर फळ्यावर नसते. आणि अगदी सुरुवात 'आहे' आणि 'नाही' यांनी करावी. लाल, पिवळे, हिरवे असे तीन गट करण्याआधी 'लाल' आणि 'लाल नसलेले' असे दोन गट करावेत. 'नसलेले' या गटात काय काय येते, याचा विचार करताना मुलांच्या डोक्यात निकष पक्का होतो.

केवळ रंगावर आधारलेली कृती एकटी ठेवू नये, हेही सांगून ठेवतो. लाल आणि हिरवा यांतील फरक काही मुलांना जन्मतःच दिसत नाही आणि हा दोष मुलींपेक्षा मुलग्यांमध्ये कितीतरी अधिक असतो. माझ्या केंद्रातील एका शाळेत असा एक मुलगा वर्षभर 'लक्ष देत नाही' म्हणून बोलणी खात होता. आमच्यापैकी कोणाच्याही ते ध्यानात आले नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

दोन लेकरांची आई

मी शिक्षिका नाही, छत्रपती संभाजीनगरला राहते. माझी धाकटी बालवाडीच्या मोठ्या गटात आहे. शाळेतून येणाऱ्या छापील कागदावर सफरचंदे, चेंडू आणि फुले विखुरलेली असतात, ती मोजून खालचे चौकोन रंगवायचे असतात. रंगवताना ती कुठवर मोजले ते विसरते, पुन्हा मोजते, रडते. तुमचे सगळ्यांचे वाचून कळले की कागदावरच्या वस्तू तिला उचलून बाजूला ठेवता येत नाहीत, ही तिची खरी अडचण असावी. काल तिच्याजवळ काडेपेटीतल्या काड्या ठेवल्या (त्यांचे गूल आधी काढून टाकले) आणि मोजलेल्या प्रत्येक चित्रावर एकेक काडी ठेवायला सांगितली. एकदाही चुकली नाही.

घरी आणखी काय करता येईल, हे कोणी सांगाल का? धुतलेल्या कपड्यांच्या घड्या आम्ही करतोच.

आकडेमोड

नांदेडला महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवतो. माझ्याकडे येणारी मुले अठरा-एकोणीस वर्षांची असतात आणि तरीही स्तंभालेखातील स्तंभ शून्यापासून का सुरू व्हायचे, हे त्यांपैकी बऱ्याच जणांना सांगता येत नाही. गोदाकाठ ताईंनी अंड्यांच्या ट्रेजवळ सांगितलेले 'एका खळग्यात एकच दाणा' आणि 'एकाच कडेपासून सुरुवात' हे दोन नियम म्हणजेच स्तंभालेखाचा पाया आहे. त्यांची मुले ते सहाव्या वर्षी हाताने शिकत आहेत, म्हणून मला हे लिहिताना विशेष आनंद होत आहे.

या दोन नियमांना इतिहासही आहे. स्कॉटिश लेखक विल्यम प्लेफेअर यांनी १७८६ साली आपल्या पुस्तकात स्कॉटलंडचा १७ देशांशी असलेला व्यापार आडव्या पट्ट्यांनी दाखवला. बाकीच्या आलेखांत त्यांनी अनेक वर्षांची आकडेवारी रेषेने दाखवली होती, परंतु स्कॉटलंडची त्यांच्याजवळ एकाच वर्षाची होती. रेषा ओढायला वर्षे नव्हती, म्हणून त्यांनी देशांच्या नावांपुढे पट्ट्या काढल्या. पुढे १९२५ साली व्हिएन्नात समाजशास्त्रज्ञ ऑटो नॉयरात यांनी सामान्य माणसांना आकडे समजावेत म्हणून संग्रहालय उभे केले आणि चित्रालेखासाठी एक नियम कटाक्षाने पाळला : संख्या जास्त असेल तर चित्र मोठे काढायचे नाही, त्याच आकाराची चित्रे जास्त काढायची. हरभऱ्याच्या ओळीने मुलांना फसवले, ते हा नियम मोडल्यामुळेच. मुले कागदावर चित्रे काढू लागतील तेव्हा कोणी आंबा केवढा काढील आणि कोणी बोर केवढे काढील, याचा नेम नसतो. त्यासाठी सारख्या मापाच्या चिठ्ठ्या कापून द्याव्यात आणि प्रत्येकाने आपले चित्र आपल्या चिठ्ठीत काढावे. चिठ्ठीवर नाव लिहिले की 'माझा चौकोन कोणता' हा गेल्या वर्षीचा प्रश्नही उरत नाही.

कागदावर केव्हा यावे, याचे उत्तर मी असे देईन. आधी वस्तू स्वतः ओळीत लागते. नंतर मुले स्वतः ओळीत उभी राहतात. मराठवाड्यातील बहुतेक शाळांमध्ये शहाबादी फरशी आहे, तिच्या सांध्यांमुळे जमिनीवर चौकोन तयारच असतात. त्यानंतर वस्तूच्या जागी काडेपेटी येते, आणि काडेपेट्या सारख्या मापाच्या असल्याने त्या एकमेकींवर रचल्या की उभा स्तंभ होतो. मग नावाची चिठ्ठी, आणि सर्वांत शेवटी चौकटीच्या वहीत रंगवलेला चौकोन. गेल्या वर्षी ताईंनी थेट शेवटच्या पायरीवरून सुरुवात केली, एवढेच घडले. पायरी बदलताना आधीची पायरी शेजारी ठेवावी, म्हणजे फरशीवर मुले उभी असतानाच त्यांच्यासमोर काडेपेट्या रचाव्यात आणि प्रत्येकाने आपल्या हाताने आपली काडेपेटी ठेवावी.

आलेख तयार झाला की खरे काम सुरू होते. 'सर्वांत जास्त काय?' हा प्रश्न सोपा आहे आणि आपण बहुधा तेथेच थांबतो. 'मूग हरभऱ्यापेक्षा कितीने जास्त?' हा प्रश्न या वयाला खरोखर अवघड आहे, कारण त्याचे उत्तर दोन्ही ओळींत नसते, ते रिकाम्या खळग्यांत असते. ताईंच्या वर्गातील मुलाने बोटाने रिकामे खळगे मोजले, हा या धाग्यातील मला सर्वांत मोलाचा वाटलेला क्षण आहे. रिकाम्या जागेबद्दल आणखी एक : एखाद्या गटात एकही वस्तू आली नाही, तरी त्या गटाची जागा पुसू नये. नावाखाली काहीच नसलेला स्तंभ मुलांना पाहू द्यावा, शून्य म्हणजे काय ते तेथे दिसते.

बाई-आई दोघींनाही उपयोगी पडेल म्हणून लिहितो : आठवडी बाजारातून आणलेले माळवे पिशवीतून जमिनीवर ओतावे आणि फरशीच्या चौकोनांत मांडावे. एका चौकोनात एक वांगे, एक काकडी, एक टोमॅटो. कोथिंबिरीची जुडी एक मोजायची की अनेक, यावर घरात चर्चा होईल, ती होऊ द्यावी.

बालाघाट

बीड जिल्ह्यातून लिहीत आहे, मीही जिल्हा परिषदेचा शिक्षक. साधने आणि पायऱ्या यांबद्दल वर उत्तम लिहिले गेले आहे, मला आलेखाचा विषय कोणता घ्यावा याबद्दल बोलायचे आहे.

आमच्याकडे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांबरोबर बरीच लेकरे जातात. काही आजीजवळ राहतात, काही हंगामी वसतिगृहात. एका वर्षी मी 'तुमच्या घरी किती माणसे आहेत?' असा विषय घेतला. पुस्तकी दृष्टीने तो चांगला होता. एका मुलीने चिठ्ठीवर चार माणसे काढली आणि थोड्या वेळाने विचारले, "सर, आई-बाप कारखान्याकडं गेलेत, त्यांना धरायचं का?" वर्गात निम्म्या मुलांचा तोच प्रश्न होता. मी 'धरा' म्हणालो, पण त्या दिवशी कोणाचेही लक्ष आलेखात राहिले नाही. तेव्हापासून घरातील माणसे, वडिलांचे काम, जनावरांची संख्या, घरातील वस्तू असे विषय मी घेत नाही. गोदाकाठ ताईंच्या चपलांच्या कृतीतही एखादे लेकरू अनवाणी आलेले असू शकते, तेवढे पाहावे.

त्याऐवजी मी हजेरीचा आलेख करतो. प्रत्येक मुलाची नाव लिहिलेली काडेपेटी आहे आणि सकाळी आल्यावर ती त्याने त्या दिवसाच्या स्तंभात ठेवायची. जे गावाबाहेर गेले आहेत त्यांच्या काडेपेट्या खिडकीत वेगळ्या ठेवलेल्या असतात, त्या फेकायच्या नाहीत असे मुलांनीच ठरवले आहे. मार्च-एप्रिलमध्ये मुले परत येऊ लागतात, तसतशा त्या एकेक करून स्तंभात येतात. त्या वेळी कितीने वाढले, हे कोणालाही विचारावे लागत नाही.

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. बालाघाट सर, आपण लिहिले ते वाचून मी थबकले. त्या दिवशी वर्गात १९ मुले होती आणि चपलांचे जोड १८ होते. मोजताना ते माझ्या लक्षात आले होते, पण मी ते मोजणीतील चूक समजले. आता चपलांची कृती मी वर्गातील चपलांवर करणार नाही. घरून जुन्या चपला गोळा करून आणल्या आहेत.

गेल्या दोन आठवड्यांत जे केले ते थोडक्यात लिहिते. फरशीवर पहिला विषय घेतला 'शाळेत कसे येता?' आणि तो पूर्ण फसला, कारण सगळीच मुले चालत येतात. २१ मुलांची एकच रांग वर्गाबाहेर गेली. ज्याचे उत्तर आधीच सर्वांना ठाऊक आहे, असा प्रश्न आलेखासाठी घेऊ नये, हे त्यातून मी शिकले. दुसरा विषय घेतला 'पोहे, उपमा, धपाटे यांपैकी काय आवडते?' त्यात धपाट्यांची रांग सर्वांत लांब झाली आणि उपम्याच्या जागी कोणीच उभे राहिले नाही. आकडेमोड सरांनी सांगितल्याप्रमाणे ती जागा तशीच ठेवली. पहिलीतल्या एकीला त्या रिकाम्या जागेची इतकी दया आली की ती धपाट्यांच्या रांगेतून निघून तेथे जाऊन उभी राहिली! मग आवड खरी सांगायची की जागा भरायची, यावर बराच वेळ बोलणे झाले आणि ती आपण होऊन परत गेली.

मांजरा सरांचा मनात निकष ठेवण्याचा खेळ आता मधल्या सुट्टीतही चालतो. दोन वर्गांचा प्रश्नही त्यातच सुटला : दुसरीची मुले निकष ठरवतात, पहिलीची ओळखतात, आणि आठवड्यातून एकदा उलट करतात.

आता एक नवी अडचण. वर्गाच्या खिडकीसमोर कडुलिंबाचे झाड आहे. कोणते पक्षी येतात ते पाहायचे, असे मुलांनीच ठरवले आणि चिमणी, साळुंकी, कावळा, पोपट असे चार स्तंभ केले. पक्षी दिसला की एक काडेपेटी रचायची. तिसऱ्या दिवशी साळुंकीचा स्तंभ नऊपर्यंत गेला, तेव्हा चपला उलट्या करून पाहणारी तीच मुलगी उठून म्हणाली, "बाई, तीच साळुंकी परत आली असंल तर?" मला उत्तर देता आले नाही. उद्या सांगते, असे म्हणून वेळ मारून नेली आहे. काय सांगावे?

आकडेमोड

ताई, हा प्रश्न मला महाविद्यालयातही फार क्वचित कोणी विचारला आहे. जंगलातील प्राण्यांची गणती करणाऱ्यांनाही तो सोडवावा लागतो, म्हणून तर वाघांच्या बाबतीत छायाचित्रांतील अंगावरचे पट्टे जुळवून तोच वाघ पुन्हा आला का, ते ठरवतात. साळुंक्या आपल्याला तशा ओळखता येणार नाहीत. म्हणून तिला उत्तर देऊ नका, आपण काय मोजत आहोत असे तिलाच विचारा. काडेपेट्या पक्ष्यांच्या आहेत की येण्याच्या?

गोदाकाठ

विचारले. वर्गात बराच वेळ वाद झाला. एकाने साळुंकीच्या पायाला दोरा बांधण्याची सूचना केली आणि ती बाकीच्यांनी फेटाळली. शेवटी त्या मुलीने स्तंभाखालची 'साळुंकी' ही चिठ्ठी काढली आणि तिच्या जागी स्वतःच्या अक्षरात दुसरी लावली : 'साळुंकी आली'. बाकीच्या तीन चिठ्ठ्या इतर मुलांनी बदलल्या. काडेपेट्या होत्या तशाच आहेत, आज साळुंकीच्या तेरा झाल्या.